सूर्य मावळायच्या आत

प्रिय पलकताई,

जळगावहून धुळ्याला पत्र नेणारं आता कुणी उरलं नाही, म्हणूनच खरं लिहिते. परवा फोन लागला तेव्हा मी म्हणाले, मम्मीजी पहिल्याच दिवशी गेल्या. तुझ्या आईबद्दल मी खोटं बोलले.

मेलेली माणसं उठून चावायला लागली, तेव्हा डाळमिलमध्ये मी, तुझी भाची आणि मम्मीजी एवढ्याच होतो. फाटक लावताना एकाने मम्मीजींच्या मनगटाचा चावा घेतला. चावा बसलेला माणूस कधी त्या मेलेल्यांसारखा होईल, सांगता येत नाही. मी त्यांना गोदामात घालून बाहेरून कडी लावली. त्या एवढंच म्हणाल्या, "चेलना, दिवस मावळायच्या आत ताट दे गं."

मी दिलं नाही. दार उघडायचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना आतून दार वाजलं. हळूच, तीनदा. तिसऱ्या दिवशीही त्याच वेळी. तापाने त्यांचा आवाज फुटत नसावा. पण ताई, दिवस मावळल्यावर पाणीही तोंडात न घेण्याचं जन्मभराचं चौविहार त्या मेलेल्यांना कुठून आठवणार? मम्मीजी शुद्धीत होत्या, भुकेल्या होत्या. मला कळत होतं. मी लेकीचे कान झाकून बसले.

आज ताट वाढून दारापाशी गेले. कडीवर हात ठेवून वाट पाहिली. झरोक्यातलं ऊन गेलं, तरी आत काहीच हललं नाही.

आता अंधार पडलाय आणि दार वाजतंय. ही त्यांच्या जेवणाची वेळ नाही.

तुझी भाभी,
चेलना