घुंगराची काठी परत दिली, बा

प्रिय बा,

पितृपक्ष सुरू आहे. यंदा माईनं तुझ्या नावानं पान वाढलं नाही, कावळ्याला हाक मारली नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून घरात ते सगळं बंद आहे. पण आज सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तू एवढी मास्तरीन झाली, तर बापाले एक चिठ्ठी काऊन नाई लिहत?" मी म्हटलं, त्याला कुठं वाचता येत होतं? तर म्हणते, "तिथं कोनी ना कोनी वाचून दाखवीनच!"

तर ऐक. जो कोणी हे वाचून दाखवत असेल त्याला म्हणावं, सावकाश वाच.

आधी काठीचं सांगते, कारण तू पहिला प्रश्न तोच विचारशील. तुझी कोतवालकीची घुंगराची काठी आता आपल्या घरात नाही. रागावलास? रागाव. मीही तुझ्यावर पुष्कळ वर्षं रागावलेली आहे, आज एकदाची फिटंफाट होऊ दे.

लहानपणी मला त्या काठीचा केवढा अभिमान होता! गावात कोणी साहेब यायचा, तर त्याच्या आधी तू यायचास. काठी आपटत, घुंगरं वाजवत, अनवाणी, आणि मागून साहेबाचा घोडा. मला वाटायचं, साहेब माझ्या बापाच्या मागे मागे येतो! तुला घोड्यापुढे पळावंच लागतं, हे शाळेतल्या पोरींनी हसत हसत सांगितलं, त्या दिवशी मी जेवले नाही. तुला कळलं तेव्हा म्हणालास, "पोरी, सरकारची काठी हाये हातात. कोना ऐऱ्यागैऱ्याची हाये का?"

ती काठी इंग्रजांच्याही आधीची होती म्हणतात. इंग्रजानं तिला सरकारी करून टाकलं, एवढंच. मग इंग्रज गेला आणि काठी राहिली. आणि तू तिची घुंगरं चिंचेनं घासून चमकवत बसायचास! का रे चमकवायचास, बा?

तू उन्हाळ्यात गेलास आणि त्याच वर्षी दसऱ्याला आपल्या वस्तीनं दीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, कोणी काठी धरायची नाही, असं ठरलं. तुझ्या लेकानं, बळीरामनं, सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग पाटलांचा निरोप आला. कोतवालाच्या घरातल्या कोणीतरी काठी धरा, नाही तर खळ्यावर बलुतं मागायला येऊ नका आणि आमच्या वावरात कामालाही येऊ नका. बळीरामला तीन लेकरं. काठी आढ्याला लटकत राहिली. तो तिच्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे.

आता मधेच आफ्रिकेची गोष्ट आली तर दचकू नकोस, तिचा संबंध आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात वर्ध्याला शिक्षकांच्या शिबिरात मला म्वांगी नावाचा तरुण भेटला. आफ्रिकेतल्या केनियाचा. त्यांच्याकडे अजून इंग्रजांचंच राज्य आहे. इकडे तो सूत कातायला आणि तेलघाणी चालवायला शिकतोय. हिंदी मोडकीतोडकी, पण बोलायला भीत नाही. म्हणाला, खेडं बघायचंय. म्हटलं, मग आमचं बघ. पोळा झाल्यावर त्यानं यायचं ठरलं.

पाटलांच्या कानावर एवढंच गेलं की परदेशातला पाहुणा येतोय. झालं! चावडी सारवली, खुर्ची आणली, कपबशा आणल्या. परदेशातला म्हणजे गोराच, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. बळीरामला बोलावून म्हणाले, "साहेब येऊन राह्यला. काठी घेऊन मोटारीवर जाजो, पेटी उचलून आनजो. मंग खळ्याचं पाहू."

आणि आपला शहाणा निघाला की! काठी खाली काढली, घुंगरांवरची धूळ पुसली. मी दारात आडवी उभी राहिले. तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुले पगार हाये. मले लेकरं हायेत." मी दारातून बाजूला झाले. मग त्याच्या मागोमाग मोटारीच्या थांब्यावर गेले.

आर्वीची मोटार थांबली. बळीराम काठी धरून ताठ उभा, नजर गोऱ्या तोंडाच्या शोधात. म्वांगी त्याच्या नाकासमोर उतरला, आपली पेटी आपणच टपावरून काढून घेतली, तरी हा मोटारीच्या आतच डोकावतोय! कंडक्टरला विचारतो, "साहेब कुठं हाये?" एवढ्या रागातही मला हसू फुटलं. "अरे, हाच पाहुना," मी म्हटलं. बळीरामचं तोंड तू बघायला हवं होतंस!

सवयीनं त्यानं पेटीला हात घातला. म्वांगीनं पेटी सोडली नाही. त्याचं लक्ष घुंगरांकडे गेलं होतं. बोटानं एक वाजवून पाहिलं आणि हसला. "ये किसलिए, भैया?"

"साहेब येऊन राह्यला, हे लोकाईले समजलं पाह्यजे," बळीराम म्हणाला. मी हिंदीत सांगितलं. म्वांगीचं हसू गेलं.

"मेरे बाप के गले में टीन का डब्बा था," तो म्हणाला. "अंदर अंग्रेज का कागज. डब्बा नहीं, तो जेल. हमारे लोग उसको बोलते थे, बकरी की घंटी."

पुढे तिकडच्या लोकांनी ते कागद जाळले. गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनी परत मागितल्या. तर आता त्याचा बाप छावणीत कैद आहे, जिवंत आहे की नाही तेही याला धड कळत नाही. "राज अंग्रेज का, और दुकान तुम्हारे लोगों की," तो मला म्हणाला. "वो भी हमको कुर्सी नहीं देते." आपली माणसं तिथं जाऊनही हेच करतात! मला लाज वाटली. पण खोटं का बोलू, त्याच बोलण्यानं तो मला घरचा वाटला.

मग त्यानं बळीरामला सरळ विचारलं, "इधर तो अंग्रेज चला गया न? फिर ये घंटी किसकी?"

बळीराम त्या दिवशी पुढे पळाला नाही. काठी बगलेत धरून, घुंगरं मुठीत आवळून आमच्यासोबत चावडीपर्यंत चालत आला.

चावडीवर पाटील हार घेऊन उभे. म्वांगीला बघून त्यांचा हात जरा अडखळला. पण माणूस तसा वाईट नाही. हार घातला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग बळीरामकडे वळले. "काठी वाजवत काऊन नाई आनलं पाहुन्याले?"

मला वाटलं, आता हा मान खाली घालणार. त्यानं काठी पाटलांच्या टेबलावर ठेवली, कपबशीच्या शेजारी.

"पाटील, हे घ्या तुमची काठी. माह्या बापानं जनमभर वाजवली. मी नाई वाजवत. ज्याले पाह्यजे त्याले द्या."

"खळ्यावर येऊ नको मंग."

"नाई येत."

एवढंच. आवाजही चढवला नाही त्यानं! आणि मी मास्तरीण, भर चावडीत रडले. बा, तुझा लेक त्या दिवशी मला गावातला सगळ्यांत मोठा माणूस वाटला.

म्वांगी आपल्या घरी जेवला. भाकर, तुरीचं वरण, ठेचा. माईनं आग्रह करकरून वाढलं आणि विचारलं, "तुह्या बापाले सोडतीन ना रे, बाबू?" तो म्हणाला, "छोड़ना पड़ेगा, माई." असा म्हणाला की माईला खरंच वाटलं. मलाही वाटतं.

बलुतं बंद झालं आहे, तुझ्यापासून कशाला लपवू? बळीराम पवनारकडे सडकेच्या कामावर लागलाय, आठवड्यातून एकदा घरी येतो. वहिनी शेजारच्या गावी निंदणाला जाते. ओढाताण होते, पण चूल पेटते. आणि पाटलांना काठी धरायला दुसरा माणूस काही मिळेना. परवा तहसीलदार आले, तर पाटील स्वतः मोटारीवर गेले! दोघं बोलत बोलत, पायी चावडीवर आले. लोक ओट्यावर येऊन बघत होते. आपल्या गावात साहेब असा मुकाट आलेला कोणी पाहिलाच नव्हता. आणि आभाळ काही कोसळलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. शेवटच्या दुखण्यात तुला माणसं ओळखू येत नव्हती, पण मोटारीचा भोंगा ओळखू यायचा. तो वाजला की तू खाटेवरून पाय खाली सोडायचास. आम्ही तुला धरून निजवायचो, "कोनी नाई आलं, बा" म्हणायचो. खोटं असायचं ते. कोणी ना कोणी आलेलंच असायचं.

आता खोटं बोलणार नाही. साहेब येतील, मंत्री येतील, रोज कोणी ना कोणी येईल. पाहुणा असेल तर त्याला सामोरे जाऊ, त्याच्या सोबत चालू. पण आपल्या घरातलं कोणी, बळीरामची लेकरं, त्यांची लेकरं, कोणाच्याही पुढे पळणार नाही. हे माझं तुला वचन. भोंगा वाजला तरी तू उठू नकोस, बा. पाय वर घे आणि नीज.

तुझी,
गिरजा