मोठा चौकोन खालीच राहतो

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आज आक्काचं रक्षाविसर्जन. सकाळी नऊला पंचगंगेवर. चितेला रचलेल्या शेणींची राख आतून अजून गरम होती.

कावळा शिवेना. अर्धा तास झाला. शेजारच्यांच्या नैवेद्याला पटकन शिवला, आमच्याकडं बघायलाही तयार नाही. आक्काचे दीर हंबीरराव सगळ्यांसमोर मोठ्यानं — "पावणं, तुमच्यात जीव अडकलाय तिचा! भाऊ कसला, लेकच म्हणून वाढवलाय तिनं. बोला की कायतरी!" मी हात जोडले. "तुझ्या योगीला अंतर देणार न्हाय," म्हणालो. आक्काला तेवढी एकच मुलगी. कावळा भिंतीवरच. मग आक्काच्या शेजारीण खैरुनबी म्हणाल्या, "अवो, चहा ठेवलाय का? बिनचहाची कुठं जाग्यावरनं उठायची ती!" कुणीतरी बाहेरच्या टपरीवरनं कप आणला. लगेच आला! रडणारी माणसंसुद्धा हसली.

येताना गाडीत परत हंबीरराव — "तिचं काय राहणार हो! भावाच्या हातात हात देऊन गेली. भाग्याची."

हे मी सांगितलेलं आहे. खोटं आहे.

१२ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो.

रविवारी दुपारी दवाखान्यात योगी म्हणाली, "मामा, तीन रात्री झोपलो न्हाय. घरला जाऊन आंघोळ करून येतो. आईकडं लक्ष ठेवा." मी हो म्हणालो. आक्काला डोळा लागला होता. मी स्टुलावर बसलो, कानात इयरफोन घातले आणि मोबाईलवर खेळत बसलो. सव्वाचारला सिस्टरनं खांदा हलवला. आक्का गेलेली. कधी गेली, मला माहीत नाही. दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो!

योगी धावत आली. "शेवटी काय म्हणाली हो?" तोंडातनं निघून गेलं — "काही नाही. माझा हात धरला होता तिनं."

वय सत्तेचाळीस. शाळेत प्रयोगशाळा सहायक. पोरांचे मोबाईल काढून कपाटात ठेवणारा मीच.

१४ फेब्रुवारी

तेराव्यापर्यंत योगीकडंच राहायचं ठरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगते. हातात हात होता. सांगताना तिचा आवाज जरा सावरतो. मी फरशीकडं बघत बसतो. लोकांना वाटतं, दुःख.

१५ फेब्रुवारी

खेळ योगीनंच घालून दिलेला, दवाखान्यात वेळ जावा म्हणून. "लई साधा हाय मामा. जाहिरात न्हाय, बोलणं न्हाय. अगदी तुमच्यासारखा."

पांढरा पडदा. दोन काळे चौकोन, एक मोठा, एक लहान. डोळे नाहीत, तोंड नाही, नावं नाहीत. लहान्याची उडी तोकडी. मोठ्याला भिंतीला लावून उभा करायचा, मग लहाना त्याच्या डोक्यावर चढतो आणि वर जातो. त्याचं वजन पडलं की मोठा किंचित दबतो, आणि एक बारीक आवाज येतो. श्वास सोडल्यासारखा. दार लहान्यापुरतंच. मोठा खालीच राहतो.

पहिल्यांदा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. परत खेळलो. दोघांनाही दारातनं नेता येतं का बघितलं. नाही. तो तसाच आहे. पण पुढचा पडदा उघडला की मोठा आधीच तिथं येऊन उभा! कसा आला, ते सांगत नाहीत. मी तेवढ्यासाठीच पुढं पुढं जात होतो. एक पडदा, आणखी एक पडदा. नुसता काळा ठोकळा. पण दिसला की बरं वाटायचं.

रविवारी चोवीस झाले होते. पंचविसावा सुटत नव्हता. त्यात अडकलो होतो.

१७ फेब्रुवारी

आज परत खेळलो. मोरीत, कडी लावून, नळ सोडून. लाज वाटते लिहायला.

पंचवीस सुटला. सव्वीस सुटला. सत्ताविसाव्याला मोठा आलाच नाही. मी थांबलो. लहान्याला इकडं नेलं, तिकडं नेलं. भिंत उंच, उडी तोकडी. बादली भरून वाहायला लागली तरी थांबलो. आणि मग रडायलाच आलं. दाबता येईना.

घाटावर माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. म्हशीच्या आचळाचं दूध थेट तोंडात पिळून जिनं मला वाढवलं, तिच्यासाठी नाही. चौकोनासाठी!

बाहेरनं खैरुनबी — "रडा गुंडूभाऊ, रडा. बहीण गेलीया तुमची. मोकळं व्हा."

कुठल्या तोंडानं बाहेर येणार होतो.

१८ फेब्रुवारी

खेळ काढून टाकला.

१९ फेब्रुवारी

परत घेतला. पहिल्या पडद्यापासून सुरू झाला. मोठा उभाच होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तेरावा. हंबीररावांनी आक्काचा फोटो मोठा करून आणला, चौकटीत. खाली सोनेरी अक्षरांत छापून घेतलंय — भावाच्या हाती हात देऊन निघाली. "वाचा की पावणं, कसं लिवलंय?" शंभर माणूस जेवायला. मी "चांगलं आहे" म्हणालो.

योगीनं खिळा आणि हातोडी माझ्याच हातात दिली. "मामा, तुम्हीच लावा."

लावला. आता ते कायमचं तिच्या भिंतीवर. रोज सकाळी उठून ती ते वाचणार. उद्या सांगितलं नाही तर मी कधीच सांगणार नाही.

२२ फेब्रुवारी

योगीला सांगितलं. सगळं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"माहीत हाय मामा. सिस्टरनं त्याच दिवशी सांगितलं."

मग बोलली का नाहीस, म्हणालो.

"तुम्ही सांगितलेलं बरं वाटत होतं."

मी म्हणालो, ती झोपेत होती गं, नाहीतर मी —

"न्हाय मामा. जागी होती. सिस्टर आधीच एकदा तुम्हाला हलवायला आल्ती. आईनंच नको म्हटलं. पोरगं खेळतंय, खेळू दे, म्हणाली."

आक्का बराच वेळ माझ्याकडं बघत होती म्हणे. मी एकदाही मान वर केली नाही.