पहिल्या ओळीतले काका

तीर्थरूप काकांस, रागात असाल तरी साष्टांग नमस्कार.

काकूंचा खोकला थांबला असेल आणि तुमचा गुडघा जिना चढू देत असेल, असं धरून चालते. इकडे बाबांची तब्येत ठणठणीत आहे, फक्त ते माझ्याशी बोलत नाहीत. बोललेच तर तुमच्याविषयी. चष्म्याचं दुकान बंद करतोय म्हणून रविवारच्या निरोपाच्या जेवणाचं गावभर बोलावणं गेलं आणि सख्खा थोरला भाऊ तेवढा राहिला, याचं खापर माझ्या डोक्यावर आहे. ते कसं घडलं एवढं वाचा, मग काय ती शिक्षा द्या.

बाबांनी सगळी गिऱ्हाइकं कंप्युटरवर एका साध्या फाइलमध्ये टाइप करून ठेवली आहेत. एका ओळीत एक माणूस: नाव, फोन, चष्म्याचा नंबर, शेवटचा चष्मा कधी नेला, आणि मध्ये स्वल्पविराम. त्या फाइलवर मी क्वेरी चालवली, म्हणजे कंप्युटरला रीतसर विचारलं की यातली सगळी माणसं दे. त्याने दिली. समोरचा चष्मेवालासुद्धा दिला (तो स्वतःचा चष्मा आपल्याकडून नेतो, हे बाबांनी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं). सगळ्यांना निमंत्रण गेलं.

काकूंकरवी तुमचं "आम्ही येत नाही" आलं तेव्हा मी फाइल उघडली. तुम्ही ठळक पहिल्या ओळीत. पुन्हा क्वेरी चालवली, तुम्ही नाही. नाव घालून शोधलं, तर म्हणे असा माणूसच नाही. नावामागची रिकामी जागा पुसली, स्वल्पविराम तपासले, फोन नव्याने टाइप केला, कंप्युटर ढिम्म. शेवटी वैतागून तुमची ओळ कापून तळाशी चिकटवली, तर तुम्ही लगेच हजर, आणि जागा मिळाली म्हणून वर सरकलेला शिंपी गायब. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कंप्युटर पहिली ओळ रकान्यांचा मथळा समजतो, माणसांत धरत नाही. थोरला भाऊ आणि दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून बाबांनी तुम्हाला मानाने सगळ्यांच्या वर बसवलं, तिथेच घात झाला.

तुम्हाला तळाशी ठेवूनही भागलं असतं, पण बाबा कडाडले, "दादा तळाशी? आधी वर घे त्याला." मग तुम्हाला वर घेऊन त्यावर मथळ्याची खरी ओळ घातली. त्यावर, "दादाच्या डोक्यावर हे कोण?" टोपी समजा म्हटलं, तेव्हा पटलं. आता तुम्ही पहिले आहात आणि दिसताही. तेव्हा रविवारी या.

तुमची (निम्मी चूक कबूल असलेली) पुतणी

ता. क. दुरुस्ती झाली का ते बघताना निमंत्रण पुन्हापुन्हा गेलं. तुम्हाला पाच-सहा वेळा आलं असेल, तो मान समजा.

ता. क. आणखी एक. तुमच्या ओळीत शेवटच्या चष्म्याची तारीख मी शाळेत होते तेव्हाची आहे. बाबांनीच टाइप केलेली आहे, म्हणजे त्यांना कधीचं ठाऊक आहे. पण बोलले नाहीत. दुकान रिकामं झालं तरी काच घासायचं मशीन त्यांनी अजून विकलेलं नाही. पहिला चष्मा दादाचा, तर शेवटचाही त्याचाच, म्हणतात. फाइलमधला नंबर जुना झाला, म्हणून सध्याचा नंबर तेवढा कळवा. तुमचा तो सोनेरी चष्मा कुठून केलात, ते कळवू नका.