मधला कागद

प्रिय बाबा,

आज आईने तुमच्या वर्कशॉपच्या फळीवरच्या मोठ्या कंडेन्सरकडे हात नेला आणि मी केवढ्याने ओरडले!

"अगं, काय झालं? भंगारवाल्याला बोललेय मी, उद्या येतोय तो. बाबा तर रोज हात लावायचे ह्याला!"

तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगायचंय. म्हणून तुम्हाला लिहितेय.

सिल्व्हर पार्कच्या क्लासमध्ये मी अजून तुमचाच प्रयोग दाखवते. दोन पत्रे समोरासमोर, मध्ये हवा. त्यांच्यात किती वीज साठू शकते, तो मीटरचा आकडा लिहून घ्यायचा. मग पत्रे न हलवता मध्ये प्लास्टिकची जाड पट्टी सरकवायची. आकडा दुपटीच्या वर जातो! पोरं खूश होतात. मी मात्र हल्ली त्या पट्टीकडे बघत नाही.

"पत्र्यांना नको, मधल्या कागदाला घाबर," तुम्ही म्हणायचात. "तेलात भिजलेला कागद जास्त वीज साठवतो आणि सगळं एकदम परत देत नाही." म्हणून कारखान्यांतून आलेला, आत असेच पत्रे आणि कागद असलेला मोठा कंडेन्सर रिकामा केल्यावरही तुम्ही त्याच्या दोन टोकांना तांब्याची तार बांधून ठेवायचात. मी हसायचे. एकदा दोन्ही टोकं जोडून शॉर्ट केला की संपलं, पुस्तकात शून्यच लिहिलंय ना, बाबा!

त्या दिवशी साफसफाई करताना फळीवरच्या ह्या कंडेन्सरची ती तार मी सोडली. फळीवर पसारा दिसत होता, एवढंच कारण. तुम्हाला सांगितलंही नाही. संध्याकाळी तुम्ही न बघता वर हात घातलात, तार आहेच या भरवशावर. एकदा का नाही हो बघितलंत?

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सगळे तेच सांगतात. तार माझ्या पर्समध्ये आहे.

मघाशी आईला आत पाठवून मी स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टोकं जोडली. चट्ट करून ठिणगी उडाली. इतक्या महिन्यांनी! मग मीटर लावला. शून्य. पत्र लिहायला बसले तेव्हाही शून्य होतं.

आता नाहीये. कोणी हात लावलेला नाही आणि आकडा हळूहळू चढतोय.

तार पुन्हा बांधतेय, बाबा, घट्ट. भंगारवाल्याला नको म्हणून कळवते. आणि ती कोणी सोडली होती, ते आईला आजच सांगेन, हा माझा शब्द. ती चहा घेऊन येतेय. पावलं ऐकू येतायत.

तुमची,
मीनल