झांजीबारातली अर्धी काडी

२ मार्च १९६०, बोटीवर

सहाच तास! पितांबरकाकानं आज पक्कं सांगितलं. झांजीबारला सकाळी दहाला नांगर, चारला किनाऱ्यावरून शेवटची होडी. फिरायला निघालेल्या गोऱ्या लोकांना तेवढ्या वेळात सुलतानाचा वाडा, किल्ला, गुलामांचा जुना बाजार, कोरीव दरवाजे, सगळं दाखवणार आहेत. मला एकच माणूस शोधायचाय.

पितांबरकाका म्हणजे आमच्या धोबीखान्याचा मोठा, नवसारीकडचा. माझ्या वाट्याच्या चादरी त्या दिवशी तो इस्त्री करणार आहे. "पण चारची होडी चुकली, तर मी तुला ओळखत नाही," म्हणाला.

५ मार्च

हात भाजला. लक्ष ठिकाणावर नाही.

पान कोरं आहे तर सगळं एकदा लिहून टाकतो. चुनीलालभाऊ घरातून गेला तेव्हा मी दहा वर्षांचा. मुंबईला जातो म्हणाला नि गेला तो गेलाच. वहिनी तेव्हा सतराची. बारा वर्षं तिनं आमची केळी राखली, कापूस वेचला, मायची खोकल्याची दुखणी काढली, माझ्या डोक्यातल्या उवाही काढल्या. जसोदा तिचं नाव, पण गावात सगळे "चुन्याची बायको" म्हणतात. चुन्या कुठाय? – ते कुणी विचारत नाही.

आमच्यात बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की मेला धरतात. गवताचा पुतळा करून जाळतात, बायकोच्या बांगड्या फोडतात. मग दीर असला तर दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न. दीर म्हणजे मी! पंचांनी ठरवूनही टाकलंय – या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला. वहिनी दरवेळी एकच म्हणते, "जित्ता शे तो. माले माहीत शे." सगळे हसतात. बिचारीनं आस धरलीय, म्हणतात.

ज्या बाईनं मला आंघोळी घातल्या तिच्याशी पाट? ते ऐकलं नि मी घरातून पळालो. नवापूरला गाडी पकडली, सुरत, मुंबई, बोट. पळालो खरा, पण ती तिथंच अडकलीय.

एक सुटका आहे. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं काडी मोडून दिली की बाई मोकळी. मग माहेरी जावो, दुसरं घर करो, कुणी अडवत नाही. पण मोडायला नवरा तर पाहिजे!

मागच्या फेरीत भटारखान्यातला एक जण म्हणाला, झांजीबारच्या बंदरावर तुमच्याकडचा एक गाडीवाला आहे. तुझ्यासारखाच "शे शे" करतो.

९ मार्च

मोंबासा. उतरलोच नाही. चादरींचा ढीग!

११ मार्च

पितांबरकाकानं विचारलं, भाऊ ओळखू येईल का? खरं सांगू का – तोंड आठवत नाही. पाठ आठवते. गाडीवर बसलेला, बैलांना शिव्या देत.

१२ मार्च

शेवटची होडी कशीबशी गाठली! चारला पाच मिनिटं होती म्हणे. लिहितो.

उतरल्या उतरल्या पळत सुटलो. हवेत लवंगांचा असा वास की नाकात झिणझिण्या. गोरे लोक माना वर करून दरवाज्यांवरचे पितळी खिळे बघत होते. मी खाली गाड्या बघत होतो. एका गाडीवाल्याला हिंदीत विचारलं, तो नुसता हसला. दुसऱ्यानं चाबूक दाखवला. गल्ल्या अशा की दोनदा फिरून परत त्याच मशिदीपाशी आलो. दीड तास वाया! मग लाज सोडली नि ओरडतच निघालो – "चुनीलालभाऊ! कोठे शे रे तू!" एक गोरी बाई घाबरून नवऱ्याच्या मागं गेली.

बारा वाजून गेले असतील. लवंगांच्या एका वखारीपुढं गाडी सोडलेली. बैल उभा. शिंगं निम्मी लाल, निम्मी हिरवी, टोकाला पितळी शेंब्या. तरी म्हटलं, असेल कुणाचा तरी. पण जवळ गेलो तर मोरकी! बैलाच्या तोंडावरची दोरी. कपाळावर दोन गाठी नि तिसरी डाव्या कानाखाली, उलटी. सगळं गाव तिसरी गाठ सुलटी मारतं. आमच्या बाबानं उलटी मारायची चाल पाडली. बाबा गेला तरी आमच्याच घरात ती राहिली. मला मात्र ती कधी साधली नाही, गावात सगळे हसतात.

मी बैलाच्या गळ्याला धरून उभा राहिलो. मागून आवाज आला, "ए! मन्हा बैलले हात नको लावू!"

मी म्हटलं, "भाऊ, मी दगा."

बघतच राहिला. मग म्हणाला, "इतला मोठा व्हई गया तू!" पोट सुटलंय त्याचं.

घरी नेलं. एक खोली, वर नारळाच्या झावळ्या. तिथं त्याची बायको सोनीबाई, कच्छी आहे, नि दोन पोरी. मला वाटलं होतं भाऊ एकटा असेल, आजारी असेल, लाजेनं घरी येत नसेल. छान भाकरी खात होता! पोरींना माझ्या मांडीवर बसवलं नि म्हणाला, "काका शे तुमना."

वेळ नव्हता. सरळ म्हटलं, वहिनीची काडी मोडून दे.

तोंड पडलं त्याचं. म्हणाला, "कसाले? घरनं मानूस घरमा ऱ्हाऊ दे. काय करानं ते मी कवयच कार्डमा लिखेल व्हतं."

कार्ड! म्हणे केव्हाच कार्ड टाकलं होतं. खोटारडा! बारा वर्षांत एक चिटोरं आलं नाही. आलं असतं तर घरात कळलं नसतं? मी तसंच तोंडावर म्हटलं. तो उठून उभा राहिला, मीही राहिलो. "मी काडी मोडाव नही," म्हणाला. "तिले घरबाहेर काढू का?"

"ती घरात आहे तरी कुणाच्या?" मी ओरडलो.

सोनीबाई भाकरी थापायची थांबली. आमची बोली तिला निम्मीशिम्मी कळत असावी. तिनं मला गुजरातीत विचारलं, कोण बाई? मी सांगितलं. भाऊ मध्ये बोलायला लागला तर त्याला म्हणाली, "तू चूप!" मग पुन्हा मला – किती वर्षं? मी बोटं दाखवली. दहा, मग दोन.

ती कोपऱ्यात गेली. नारळाच्या खराट्यातली एक काडी उपसली नि भाऊच्या हातात दिली. पिठाच्या हातानं. "तोड," म्हणाली. "नाहीतर आज माझीसुद्धा तोड."

मोडली! एवढासा आवाज. कट्.

एक तुकडा त्यानं ठेवला, एक मला दिला. पण उखाआप्पा, आमचा पंच, काडी बघून हसेल! खुणेला काय देऊ? भाऊनं सही केली असती, पण त्याची सही गावात कुणी पाहिलीय? मग मीच म्हटलं, गाठ मार. मोरकीच्या दोरीचा तुकडा घेतला त्यानं, काडीभोवती गुंडाळला नि तीन गाठी मारल्या. तिसरी उलटी.

साडेतीन! बंदरापर्यंत त्यानंच गाडी हाकली. असा हाकला बैल की दोन गोरे टोप्या सोडून पळाले. मी होडीत चढताना काठावरून ओरडला, "माय कशी शे रे?"

तेव्हा विचारलं!

बरी आहे म्हटलं.

पितांबरकाका शिडीशीच उभा होता. मला बघून त्यानं डोळे मिटले नि मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "अल्या, एवढं जुनं शहर! शुं जोयुं? काय पाहिलंस?"

म्हटलं, "एक बैल."

१३ मार्च

काडी या वहीतच ठेवलीय. पान फुगलंय.

१७ एप्रिल, मुंबई

गोदीतून सुटलो. वहिनीसाठी हिरवं लुगडं घेतलं. पाटाचं समजू नये कुणी! परत जाऊन जांभळं बदलून आणलं.

२६ एप्रिल, घरी

झालं!

पंच निंबाखाली बसले. वहिनी मायच्या मागं, पदर कपाळापर्यंत. मी काडी पुढं ठेवली. उखाआप्पा चष्मा वर करून म्हणाले, "कोठलीबी काडी उचलीसन लई उना व्हशी तू! पाटना भ्याव शे तुले." सगळे हसले. माझे कान लाल.

म्हटलं, आप्पा, काडी बघू नका. गाठ बघा.

आप्पांनी बघितली. बराच वेळ. पुढच्याला दिली. तो बाबाचा जुना जोडीदार, दोघांनी एकत्र औतं हाकलेली. त्यानं अंगठा फिरवला नि हळूच म्हणाला, "आप्पा, ही उलटी गाठ त्यासनाच घरनी शे. दगाले ती जमत नही." मग कुणी हसलं नाही. मायनं विचारलं, चुनीलाल जाड झालाय का बारीक? जाड, म्हटलं. रडली नि हसलीही.

काडी वहिनीच्या हातात दिली पंचांनी. ती मोकळी. मीही!

बाहेर पडल्यावर तिला म्हटलं, आता काय करशील? म्हणाली, "पहिलं माहेरी जासू. चार दिन झोपसू. कोनी उठाडं तर मारसू."

आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आखाजीचा दिवस

वहिनी गेली. बारा वर्षांत पहिल्यांदा आखाजीला माहेरी! जांभळं लुगडं नेसली होती. गाडी मीच हाकली. तिच्या गावच्या झाडांना झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. उतरताना म्हणाली, "दगा, मन्ही पत्र्यानी डबी मायना फडताळमा शे. तुन्ही शे आते ती." काय आहे म्हटलं तर हसली नि झोक्याकडे गेली. एवढी मोठी बाई, पोरीसारखी!

दुसऱ्या दिवशी

कार्ड आलं होतं.

डबीत तेच एक होतं. झांजीबारचा शिक्का, १९५०. भाऊचं अक्षर – मी आता येत नाही. इथं घर केलंय. तिचा दगाशी पाट लावून टाका.

टपालवाल्याकडे गेलो. म्हातारा झालाय. म्हणाला, तिनं विहिरीवर माझ्याकडून वाचून घेतलं आणि कुणाला सांगू नका म्हणून माझे पाय धरले.

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. चौथीत.