पालथ्या पेल्यांची बैठक

८ एप्रिल, मंगळवार

शेवंते, ही पानं कधीतरी तुझ्या हाती पडतील तवा तू म्हणशील, "आये, मला कुठं ठाव व्हतं?" ठाव व्हतं. दोनदा सांगितलं. लेकी, तुझ्या डोक्याला चाळणीची भोकं हायेत, ती बी गव्हाच्या चाळणीची. म्हणून आता लिहूनच ठेवते. म्हंजे मी बोलते आणि मंदा लिहिते. सून दहावी झालेली हाय, कधी कामाला यायची?

आज उतारावर हिरडा पाडत व्हतो. मी काठी मारीत, मंदा खाली वेचत. वाटेवर पांढरी गाडी थांबली. काळा चष्मा लावलेला एकजण उतरला, झाडांकडं पाठ केली आन् धरणाच्या पाण्याचे फोटू काढत बसला. मला म्हणतो, "आजी, व्ह्यू लई भारी आहे इथून." मी म्हटलं, "खातात कसा? उकडून का भाजून?" हसला. गाडीत बसताना म्हणाला, "तुमच्या माणसांचं येत्या वीस तारखेला ठरतंयच की मुंबईत."

कुठली माणसं? काय ठरतंय?

मंदाकडं बघितलं. ती पाटीतला पाला निवडत बसली, जसा काही त्यात साप व्हता.

११ एप्रिल, शुक्रवार

तुझ्या भावाला, दत्तूला, फोन लावला. तीनदा कट केला, चौथ्यांदा उचलला. "आये, नुसती बोलणी हायेत." बोलणी नुसती असती तर कट कशाला केला असता?

मग सगळं बाहेर आलं. गाडीवाल्याला उतारावर हॉटेल बांधायचंय, राहायच्या खोल्यांचं. उतार माझ्या मालकांच्या आणि भावजींच्या नावावर, सामाईक. मालक वारले, आता त्यांच्या जागी दत्तू. भावजी आणि त्यांचा सुरेश राजी हायेत. दत्तू बी राजी. वीस तारखेच्या रविवारी बावाच्या बारमधी बसून ठरवणार.

बावाचा बार. हे नाव ऐकलं की माझ्या पोटात आग पडती. आमच्या गावची माणसं आजेसासऱ्याच्या काळापासून मुंबईत बंदरावर वझी वाहतात. झोपायला गाळा, एका खोलीत दाटीनं, आणि बसायला बावाचा बार. तिथं एक टेबल आमच्या गावाचं. गावचं काय ठरवायचं ते तिथं. नियम एकच. ज्याच्या पुढं पेला न्हाई त्यानं बोलायचं न्हाई. आणि ठरलं की सगळ्यांनी एका दमात पेले रिकामे करून टेबलावर पालथे घालायचे. एकदा पालथे पडले की मग देवाचं बी चालत न्हाई.

माझं लगीन तिथं पालथं पडलं. धरणात वावरं गेली तवा कुणी कुठं घर बांधायचं, तेबी तिथं. शेवंते, तुला उरणला द्यायची हे बी तिथंच. मी इकडं चूल फुंकत व्हते आणि तिकडं माझं आयुष्य बर्फ घालून पीत व्हती माणसं. ज्यावर सगळ्या गावाचा बाजार झाला ते टेबल मी डोळ्यानं बघितलेलं बी न्हाई.

१३ एप्रिल, रविवार

मंदाला म्हटलं, येत्या रविवारी आपण जायचं.

"कुठं?"

"बारमधी."

पेन खाली पडला तिचा. "आत्या, गावातली दारूची भट्टी कुणी फोडली व्हती?"

मीच. बायका घेऊन गेले व्हते, मडकी फोडली, पिंप ओढ्यात लोटलं. शेवंते, तू बरोबर व्हतीस, शेंबडी, विसरली असशील. परत फोडीन. पण पेला धरल्याबिगर तोंड उघडू देत न्हाईत, तर धरते पेला. धरला म्हंजे प्यायलाच पायजे असं कुणी सांगितलं?

मंदा हसली न्हाई. "बघू," म्हणाली.

१९ एप्रिल, शनिवार, कल्याण

मंदाच्या बहिणीकडं मुक्काम. एस.टी.नं माळशेजातून आलो. गुडघे बोलतायत. बहिणीनं विचारलं, मुंबईला काय काम? म्हटलं, दारू प्यायला चाललीय. तिनं मंदाकडं बघितलं, मंदानं भिंतीकडं.

हितल्या खोलीत मंदा लई वेळ खिडकीत उभी व्हती. खाली पोरं खेळत व्हती. मी हाक मारली तर ऐकू गेली न्हाई.

२० एप्रिल, रविवार

लिही मंदा, सगळं लिही. राग हाय तवरच लिही.

बार बंदराच्या मागल्या गल्लीत. बाहेर कोवळी कोवळी पोरं-पोरी फोटू काढायला उभी. पाटीवर म्हणं लिहिलंय, लई जुना बार. जुना तर हाय. वर उंच छत, पंखे म्हाताऱ्यासारखे कण्हत फिरतात, टेबलांना पांढरा दगड, खुर्च्या काळ्या लाकडाच्या. फिनेलचा वास. खरं सांगते, जागा वाईट न्हाई. त्यानं आणखीच राग आला.

दारात एक पोरगेला वेटर आडवा. "आजी, फॅमिली वर." वर म्हंजे शिडीसारखा जिना, वर पडदा. मी म्हटलं, "बाबा, माझी फॅमिली त्या कोपऱ्यातल्या टेबलाला बसलीया." आतून एक पांढऱ्या केसांचा वेटर आला. कुठल्या गावच्या, विचारलं. सांगितलं. त्यानं खुर्ची उचलली आणि नेऊन आमच्या टेबलाला लावली. एकच उचलली.

दत्तू उभाच राहिला. "आये! हितं?"

"का रं? तुझा बाप हितंच बसायचा ना? का दुसरीकडं बी जायचा?"

भावजींनी टोपी नीट केली. सुरेश गोडगोड, "काकू, लिंबूसरबत सांगतो तुमाला."

"सरबत पुढं असलं तर बोलता येतं का?"

सुरेशनं मान हलवली, न्हाई.

"मग तुमचं जे काय हाय ते सांग."

आला पेला. खाली तांबडं, वर बर्फ. मी दोन्ही हातांनी धरून दगडावर ठेवला. वास घासलेटाचा नातलग. बाजूच्या टेबलावरच्या पोरीनं फोटू काढला. काढ बाई.

मग बोलले. "हिरडा पाडते मी. वाळवते मी. डोक्यावर वाहते मी आणि ही मंदा. मधमाश्या चावतात आमाला. आणि इकायचं ठरवता तुमी, हितं, पंख्याखाली! तुमच्यातला एकजण तरी पाच-सात वर्षांत त्या उतारावर चढलाय का? भावजी, तुमी तर आंबेमोहराचं उरलेलं वावर बी वरनं दाखवलं तर ओळखायचा न्हाई."

भावजी म्हणाले, "वहिनी, झाडं म्हातारी झाली."

"मी बी झाले. मलाबी त्या चष्मेवाल्याला देता का?"

दोघंतिघं हसली. दत्तू न्हाई हसला. तो हळू बोलला, तेच मला लागलं. "आये, पोरं आश्रमशाळेत, बायको डोंगरात, मी गाळ्यात. पाय लांब केला तर दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. ह्याला संसार म्हणायचं का? एक खोली मागतोय मी. कल्याणला. सगळे एका जागी."

मी पदरानं पेल्याखालचं पाणी पुसत बसले, हे बी लिही.

तेवढ्यात सुरेश म्हणाला, "झालं बोलून सगळ्यांचं. उचला." आणि उचलले. घटाघट. ठक, ठक, ठक, पेले पालथे. दत्तूचा सगळ्यात शेवटी. माझा तसाच उभा, भरलेला. बर्फ विरघळून पाणी झालेलं.

"काकूंनी न्हाई घेतलं तरी चालतंय," सुरेश म्हणतो.

"का चालतंय? बोलायला पेला लागतो आणि ठरवायला लागत न्हाई? मग माझ्या पुढं तो ठेवला कशाला, दृष्ट काढायला?"

सगळी भावजींकडं बघायला लागली. नियम त्यांच्या बापाचा. त्यांनी पेला माझ्याकडं सरकवला. "वहिनी, घोटभर तरी घ्या."

"न्हाई."

"जिभेला लावा नुसती."

"न्हाई."

मग टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "पेला भरलेला हाय तवर बैठक उठत न्हाई. आखितीच्या सणाला सगळी गावाकडं येतातच. राहिलेली बैठक गावी."

मी म्हटलं, "माझ्या ओट्यावर."

सुरेश बापावर चिडून बाहेर गेला. दत्तू आमाला स्टेशनापर्यंत सोडायला आला, पण माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई. मंदाच्या हातात पोरांसाठी बिस्किटं दिली. दोघं नुसती उभी राहिली.

२३ एप्रिल, बुधवार

गावात बोभाटा. म्हातारी मुंबईला जाऊन दारू पिऊन आली. कोण म्हणतंय? ज्यांच्या मडक्यांवर मी काठी घातली व्हती ते! जिभेला लावली न्हाई मी. ते पितात तर ती बैठक, मी नुसता पेला धरला तर बोभाटा.

वरनं त्या पोरीनं फोटू फोनवर टाकलाय. खाली लिहिलंय, मंदानं वाचून दाखवलं, "कूल आजी". डोक्यात जाळ झाला व्हता माझ्या. पोरीला दिसला न्हाई.

२५ एप्रिल, शुक्रवार

हिरडा वाळत घातला. दोघींनी. मी मघापासून बडबडत व्हते, आमाला कुणी विचारत न्हाई, बायकांना कुणी विचारत न्हाई, इतकी वर्षं कुणी विचारलं न्हाई. मंदा म्हणाली, "तुमी विचारलं का?"

"काय?"

"मला. उतार इकावा का ठेवावा. तुमी मला विचारलं का, आत्या? तिथं बी मी तुमच्या खुर्चीमागं उभी व्हते. तासभर."

मी म्हटलं, अगं तुला काय विचारायचं, तू तर माझ्याच बाजूची.

"मी तसं म्हटलं का कधी?"

आणि सूप घेऊन घरात गेली.

शेवंते, मी तिच्यावर चिडले व्हते. जेवले न्हाई. मग रात्री नुसता भात खाल्ला. हे तिला लिहायला सांगितलं तवा ती म्हणाली, लिहू का खरंच? म्हटलं, लिही. मी काय लपवते का?

२८ एप्रिल, सोमवार

चष्मेवाला परत आला. बरोबर दोन माणसं, टेप घेऊन. मोजायला लागली. मी झाडाखाली जाऊन बसले, टेप माझ्या पायावरनं न्यावी लागली. "आजी, बाजूला व्हा." "बैठक उठली न्हाई अजून," मी म्हटलं. त्याला काय कळतंय.

मंदा वरनं बघत व्हती. खाली आली न्हाई.

संध्याकाळी दत्तूचा फोन आला, तिच्या फोनवर. परवा येतोय. भावजी, सुरेश, सगळे. तिनं त्याला सांगितलं, मी ऐकलं, "ओट्यावर मी बी बसणार हाय. माझ्यापुढं बी पेला ठेवायचा." तो पलीकडनं काय बोलला माहीत न्हाई. ती म्हणाली, "तवाच कळंल."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मंदे, कुठल्या बाजूनं बोलणार?"

तिनं चुलीत लाकूड सारलं. "आत्या, तुमी पेला उभा ठेवलात ना? मग माझं बी ऐकायला लागंल."

चोवीस तास मीच बोंबलत व्हते, बायकांना बोलू द्या. आता बोलणार म्हणती तर तोंड कसं दाबू? कल्याणच्या खिडकीतली तिची पाठ डोळ्यापुढनं जात न्हाई. आणि हिरड्याला तर औंदा असा भार, फांद्या टेकल्यात.

हे लिहिताना बी हसतीया, सटवी. सांगत न्हाई.

शेवंते, परवा आखिती. हे एवढं मंदा आत्ताच तुला फोनवर बी सांगंल. उद्या उरणवरनं जो कोण इकडं निघंल त्याच्या हाती सुका जवळा पाठव, चांगला दोन ओंजळी, वाळू नसलेला. बोंबील नको. काट्यात जीभ गुतून बसती, आन् ओट्यावर सगळ्यांना तोंड मोकळं पायजे.