बाबांच्या खणाचे कुलूप

मी, खाली सही करणारी, वय एकोणसाठ, अविवाहित, धंदा कुलूपदुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाचाही दबाव नसताना आणि सकाळचा चहा पिऊन झाल्यावर लिहून ठेवते. सोमवारी माझे ऑपरेशन आहे. गाठ वाटाण्याएवढी आहे असे डॉक्टर म्हणाले. ओल्या की वाळलेल्या, हेही मी विचारून घेतले. हा स्वभाव बाबांचा.

१. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते सगळे माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. धाकट्याने नाक मुरडू नये. "बायकांनी काय कुलपं दुरुस्त करायची?" असे तो एकदा जेवता जेवता म्हणाला होता. पुढे स्वतःच्याच घराबाहेर अडकला तेव्हा त्याने मलाच बोलावले. दोन्ही माझ्या लक्षात आहेत. त्याला माझी आरामखुर्ची द्यावी. तीत बसून त्याने विचार करावा.

२. कानशी, चिमटे आणि कुलपे उघडायचे आकडेही भाचीलाच. ते माझ्या हातात कसे आले हे तिला माहीत असावे. मी एकोणीस वर्षांची असताना बाबांना रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी दोन वर्षे सांगितली होती, बाबा चौदा जगले. औषधांनी त्यांची बोटे सुन्न झाली. तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवले आणि म्हणाले, "बोटं तुझी, कान माझे." मी आकडा फिरवायचे आणि ते कुलपाला कान लावून ऐकायचे. माझ्या शेवटच्या परीक्षेच्या दिवशी ते सलाइन संपल्यावर थेट केंद्राबाहेरच्या पायरीवर येऊन बसले होते. हातावर अजून पट्टी होती, आणि विचारत होते, "उशीर नाही ना झाला मला?" असा बाप मी दुसरा पाहिला नाही.

३. बाबांची वही. वर लिहिले आहे, 'डॉक्टरांना विचारायचे'. आत प्रश्न आहेत. रक्त रोज नवे होते, तर आजार जुना कसा राहतो? डोक्यावरचे केस गेले, मग कानातल्यांनीच का ठाण मांडले? काही प्रश्नांखाली डॉक्टरांनीच लिहून दिले आहे, 'माहीत नाही.' ती पाने बाबा लोकांना कौतुकाने दाखवत. वही माझ्या डॉक्टरांना द्यावी. आता उत्तरे सापडली असतील तर त्यांनी ती तिथेच लिहावीत.

४. कामाच्या टेबलाचा खालचा खण. याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी बाबा नेहमी एक कुलूप खोलून त्याचे भाग ताटलीत मांडून ठेवत. तिकडे जाऊन सांगत, "काम अर्धं टाकून आलोय, लवकर सोडा." परत आले की पाणी पिण्याआधी ते कुलूप जोडत. शेवटच्या वेळी मात्र मी पाहिले तर ताटली रिकामी होती, आणि ते कुलूप जोडून या खणाला लावलेले होते. किल्ली कुठेच नव्हती. मला जाताना फक्त "येतो" म्हणाले आणि आले नाहीत. मी समजले की त्यांना कळले होते, म्हणून त्यांनी काम पुरे करून टाकले. जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने मला एक शब्द सांगू नये? सव्वीस वर्षे ही अढी माझ्या मनात होती. त्या कुलपाला मी हात लावला नाही, कोणाला लावू दिला नाही.

आता वकीलबाई म्हणाल्या, "आत काय आहे ते लिहावं लागेल." म्हणून काल दुपारी मी हत्यारे मांडली, चष्मा लावला. भाची बघत होती. म्हणाली, "आत्या, नुसतं ओढून पाहिलंयस का कधी?"

ओढले. कडी वर आली. आत स्प्रिंगच नव्हती. कुलूप नुसते बंद दिसत होते, लागलेले कधीच नव्हते. गिऱ्हाइकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते, की आधी ओढून पाहा. खणात कागदाची एक पुडी होती आणि पुडीत ती स्प्रिंग. वर बाबांच्या वाकड्या अक्षरात लिहिले होते, 'आल्यावर बसवायची.'

मी खूप रडले. भाचीने पाणी आणून दिले. बाकीचे सगळे त्या सुन्न बोटांनी जोडून एवढेच का राखून ठेवले, हा प्रश्न मी वहीत लिहिला आहे. बाबांवरचा माझा राग मी या लेखाने रद्द करते.

५. ते कुलूप आज मी पुन्हा खोलले आहे. सगळे भाग पुसून ताटलीत मांडले आहेत, शेजारी पुडी ठेवली आहे. हे कुलूप मी कोणालाही देत नाही. धाकट्याने, भाचीने, कोणीही त्याला हात लावू नये. आल्यावर मी बसवीन.

लिहून देणार: सही (कुलूपवाल्या ताई)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी, सही. (आरामखुर्ची आपल्याला मिळायला हवी होती, असे त्यांचे म्हणणे. नोंद केली.)
२. वकीलबाई, सही.

ठिकाण: दुकान, कामाचे टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार